पुरुषाची लाज आणि औषधाचा पुरावा

अंधेरीहून चर्चगेटला किंवा घाटकोपरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलने नित्य ये-जा करणाऱ्या आपल्या पुरुषमंडळींना एका विशिष्ट जाहिरातीची ओळख करून देण्याची गरज नाही. डब्याच्या दाराजवळ हाताएवढा कागद चिकटवलेला असतो. वर ठळक अक्षरांत ‘गुप्तरोग’, खाली ‘मर्दानी कमजोरी’, त्याखाली ‘खात्रीशीर इलाज’ आणि एक फोन नंबर. डबा खच्चून भरलेला असतो, प्रत्येकाची दृष्टी त्या कागदावरून एकदा तरी फिरते आणि आपण तो वाचलाच नाही असे प्रत्येकजण दाखवितो. तरीही तो कागद पुन्हा पुन्हा चिकटवला जातो. त्याअर्थी कोणीतरी तो नंबर फिरवीत असले पाहिजे. अलीकडे हाच कागद मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. तिथे त्याची भाषा सुधारली आहे, छायाचित्रे गुळगुळीत झाली आहेत, ‘टेस्टोस्टेरॉन’सारखे शास्त्रीय शब्द आले आहेत. आश्वासन मात्र जुनेच आहे: पन्नाशीत पंचविशीचा जोम, तोही घरपोच आणि गुप्त पाकिटात.

वाचकहो, कुटुंबातील सर्वांनी वाचावयाच्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. आमचे उत्तर इतकेच की, जो विषय घरात उच्चारता येत नाही त्याची किंमत अखेर घरालाच मोजावी लागते. म्हणून या लेखात आम्ही एक प्रश्न विचारात घेणार आहोत. औषधाबद्दल पुरावा मागणे हा केवळ चाणाक्ष गिऱ्हाइकाचा व्यवहार आहे, की ते सत्याशी इमान राखण्याचे, म्हणजेच नैतिक, कर्तव्य आहे? आणि जो फसतो त्याच्या फसवणुकीत आपणा इतरांचा काही वाटा असतो काय?

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःची गोष्ट सांगावी, हे बरे. पन्नाशी ओलांडल्यावर आम्हांला रात्री दोन-तीनदा उठावे लागू लागले. प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर बहुतेक पुरुषांत वाढते आणि मूत्रमार्गावर दाब आणते. त्यात नवल काही नाही. आमच्या एका स्नेह्यांनी अमेरिकेहून गोळ्यांची बाटली आणून दिली. ‘सॉ पामेटो’ नावाच्या एका खुज्या ताडाच्या फळांपासून त्या केलेल्या होत्या. “फादर, तिकडे सगळे हेच घेतात,” ते म्हणाले. आम्ही घेऊ लागलो आणि महिन्याभरात खरोखरच बरे वाटले. इतके बरे की, आम्ही आणखी तीन-चार ज्येष्ठ धर्मग्रामस्थांना त्या गोळ्यांची शिफारस केली. धर्मगुरूच्या शब्दाला त्याच्या झग्याचे वजन असते, याचा त्या वेळी आम्हांला विसर पडला.

पुढे आमच्याच धर्मग्रामातील एका डॉक्टरांनी साधा प्रश्न केला. “फादर, गोळ्या सुरू केल्या त्या दिवसांत आणखी काय बदललं होतं?” आम्ही आठवू लागलो. उपवासकाळ सुरू झाला होता आणि त्यागाचा भाग म्हणून रोझरीनंतरचा मोठा कप चहा आम्ही बंद केला होता. डॉक्टर हसले. मग त्यांनी सांगितले की, २००६ साली या फळाच्या अर्काची चाचणी अमेरिकेत २२५ पुरुषांवर वर्षभर झाली. काहींना खऱ्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. वर्षाअखेर दोन्ही गटांना थोडे थोडे बरे वाटत होते आणि दोहोंत फरक आढळला नाही. २०११ सालच्या दुसऱ्या चाचणीत मात्रा तिप्पट करूनही निष्कर्ष तोच निघाला. आमचे बरे वाटणे खोटे नव्हते. त्या बरे वाटण्याचे श्रेय बाटलीला देणे खोटे होते.

गोरेगावच्या सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्याच वर्षी ही चूक आम्हांला नावानिशी शिकविली होती: ‘यानंतर झाले, म्हणून यामुळे झाले.’ परीक्षेत आम्ही तिचे लॅटिन नाव अचूक लिहिले होते. आयुष्यात मात्र ती ओळखायला तीस वर्षे लागली.

आम्हांला एवढेच समाधान की, ही चूक आमच्याहून कितीतरी मोठ्या माणसांनी केली आहे. शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हे एकोणिसाव्या शतकातील नामांकित शरीरशास्त्रज्ञ. मज्जारज्जूवरील त्यांचे संशोधन आजही वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांच्या नावाने शिकविले जाते. १८८९ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या विद्वानांपुढे जाहीर केले की, कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा रस आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपले तारुण्य परतले. हातांत बळ आले, कामाचा शीण जाणवेनासा झाला, इतकेच नव्हे तर मूत्राची धारही पूर्वीपेक्षा दूर जाऊ लागली. वृत्तपत्रांनी ही वार्ता उचलली आणि युरोप-अमेरिकेत असे रस टोचण्याचा धंदा जोरात सुरू झाला. त्या पाण्यातल्या रसात पुरुष-संप्रेरकाचे प्रमाण जवळजवळ शून्य असणार, हे पुढील काळात स्पष्ट झाले. त्या थोर गृहस्थांना कोणाला फसवावयाचे नव्हते. त्यांनी स्वतःच्या अनुभवालाच साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश केले, एवढाच त्यांचा अपराध.

त्याच काळात आपल्या मुंबईत दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने स्वतःला सुई टोचून घेतली. १८९६ साली शहरात प्लेग आला. वांद्रे व त्यापलीकडील गावठाणांतून आपल्या पूर्वजांनी त्या साथीच्या वर्षांत उभारलेले क्रूस आजही दिसतात. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. येथपर्यंत दोघांची कथा सारखी आहे. पण स्वतःला काही अपाय झाला नाही म्हणून लस गुणकारी आहे, असे हाफकिन म्हणाले नाहीत. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली, इतरांना दिली नाही. सर्वजण त्याच भिंतींच्या आत, तेच अन्न खात होते. मग दोन्ही गटांत किती आजारी पडले व किती दगावले, हे मोजण्यात आले. लस न घेतलेल्यांत प्लेगचे रुग्ण आणि मृत्यू स्पष्टपणे अधिक निघाले. आज परळला ज्या संस्थेला हाफकिन यांचे नाव आहे, तिच्या पायाशी ही मोजदाद आहे. आजच्या चाचण्या तिच्यापेक्षा कितीतरी काटेकोर असतात, पण पुरावा म्हणजे काय ते समजण्यास तुरुंगातील ते दोन गट पुरेसे आहेत. ‘मला गुण आला’ ही साक्ष झाली. ‘ज्यांनी घेतले नाही त्यांचे काय झाले?’ हा प्रश्न विचारल्यावाचून निकाल देता येत नाही.

हाच प्रश्न आज पुरुषांपुढे मांडल्या जाणाऱ्या उपचारांना विचारून पाहू. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक खरे आहे, त्याची उणीव हा आजारही खरा आहे आणि योग्य निदानानंतर त्यावरील उपचारही खरा आहे. परंतु निदानासाठी लक्षणे असावी लागतात आणि सकाळी घेतलेल्या रक्ताच्या किमान दोन तपासण्यांत हे संप्रेरक कमी आढळावे लागते. जाहिरातीत ‘तुम्हांला थकवा येतो का?’ एवढ्या एका प्रश्नावर निदान होते. विरारच्या गाडीत उभ्याने प्रवास करून थकवा कोणाला येत नाही? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुष होते. त्यांच्या रक्तात हे संप्रेरक खरोखरच कमी होते आणि त्यांना हृदयविकार किंवा त्याचा धोकाही होता. उपचाराने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, ही दिलाशाची गोष्ट. मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, मूत्रपिंडाची इजा आणि फुप्फुसातील रक्ताची गुठळी यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत काहीसे अधिक आढळले. शिवाय बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते. म्हणजे अपत्याची आस धरलेला तरुण पती ‘पुरुषत्व वाढविण्यासाठी’ ही इंजेक्शने घेऊ लागला, तर तो त्या अपत्यापासूनच दूर जातो. व्यायामशाळेच्या नादात ती घेणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण सिल्डेनाफिलचे. मूळ हेतू हृदयशूळावर औषध शोधण्याचा होता. चाचणीत निराळाच परिणाम दिसला, त्याची रीतसर परीक्षा झाली आणि १९९८ साली पुरुषांच्या लैंगिक असमर्थतेवरील औषध म्हणून अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ते गुणकारी आहे, हे सिद्ध आहे. पण हृदयरोगी जिभेखाली ठेवतात त्या नायट्रेटच्या गोळीबरोबर ते पोटात गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते, हेही तितकेच सिद्ध आहे. आता ही गोष्ट पाहा. ‘केवळ वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक शक्तिवर्धक गोळ्यांत चोरून मिसळलेले सिल्डेनाफिल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला वारंवार सापडले आहे. घेणाऱ्याला वाटते, आपण पाला खात आहोत. जिभेखालची गोळी त्याच्या खिशातच असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी असा हा वाद नव्हे. बेन सिराच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो आणि औषधे परमेश्वराने भूमीतूनच उत्पन्न केली, असे शिकवितो. वनस्पतीत गुण असू शकतो. आधुनिक वैद्यकातील कित्येक औषधे वनस्पतींतूनच आली आहेत. आमचा आग्रह इतकाच की, भूमीतून आलेल्या आणि कारखान्यातून आलेल्या दोन्ही औषधांना तोच प्रश्न विचारावा. चकचकीत रुग्णालयाने काढलेल्या ‘पुरुष-आरोग्य पॅकेज’लाही तो विचारावा.

हे सारे समजण्यास कठीण नाही. मग शिकलेसवरलेले पुरुषही का फसतात? याचे उत्तर आम्हांला एका धर्मग्रामस्थाने दिले. ही हकिकत पापनिवेदनातील नाही. त्यांनी ती आमच्या कार्यालयात बसून सांगितली आणि इतरांच्या उपयोगासाठी लिहिण्यास संमती दिली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.

हे गृहस्थ पंचेचाळिशीतले. साकीनाक्याकडील एका कारखान्यात कामाला, रविवारची मिस्सा न चुकविणारे. लोकलमधील कागदावरचा नंबर त्यांनी फिरविला. पलीकडच्या ‘वैद्या’ने न तपासताच निदान केले, भस्माच्या पुड्या दिल्या, आणि एक महिन्याचा उपचार पाहता पाहता दीड वर्षाचा झाला. गुण येईना तेव्हा अधिक महाग भस्म आले. मुलीच्या फीचे कारण सांगून त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले. पैसे कोठे जातात हे पत्नीला कळेना. पती बाहेरच्या खोलीत झोपू लागला, तेव्हा तिने स्वतःचा निष्कर्ष काढला. एका संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन रडली. “फादर, यांचं बाहेर काहीतरी आहे. मला तोंडावर सांगितलं तरी चालेल.”

बाहेर काही नव्हते. धर्मग्रामाच्या आरोग्य शिबिरात रक्त तपासले, तेव्हा त्यांची साखर तिपटीच्या घरात निघाली. डॉक्टरांनी त्यांना बाजूला नेले आणि दीड वर्षात कोणी विचारले नव्हते ते दहा मिनिटांत विचारले. मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात. पुरुषाची ही तक्रार त्याचे एक लक्षण असते. त्या भागातील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून अरुंद असल्यामुळे अडथळा तिथे आधी जाणवतो, आणि पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षे अगोदर शरीर अशी सूचना देते. ज्याला हे गृहस्थ आपली बेअब्रू समजत होते, ती सूचना होती. भस्माने घेतलेली सर्वांत मोठी गोष्ट पैसा नव्हे. ती दीड वर्षे होती.

आता आमचा वाटा. या प्रकरणाच्या सुमारे वर्षभर आधी हेच गृहस्थ आमच्याकडे आले होते. “फादर, घरात शांती नाही,” एवढेच म्हणून ते खाली पाहत बसले. आम्ही त्यांना पत्नीबरोबर रोज रोझरी म्हणण्यास सांगितले, आशीर्वाद दिला आणि निरोप दिला. सल्ला वाईट नव्हता. पण आम्ही पुढचा प्रश्न विचारला नाही, कारण तो विचारण्याची आम्हांलाच लाज वाटली. त्या वैद्याला ती लाज नव्हती. आम्ही मिटलेल्या दारापुढूनच तो गिऱ्हाईक घेऊन गेला.

याहून जुनी एक चूक आमच्या साऱ्या वर्गाची आहे. धातू गेल्याने शरीर झिजते, मेंदू दुबळा होतो, ही भीती आपल्या देशात फार खोल रुजलेली आहे. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या भीतीतून येणाऱ्या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. धातू जाण्याने शरीराची हानी होत नाही. हानी चिंतेने होते, असे वैद्यक सांगते. पण तरुणांना शुद्धतेचे धडे देताना धर्मोपदेशकांनी व शिक्षकांनी कितीदा याच भीतीचा आधार घेतला! एखादी कृती नीतीला धरून आहे की नाही, हा एक प्रश्न. तिने प्रकृती बिघडते काय, हा अगदी वेगळा प्रश्न. दुसऱ्याचे खोटे उत्तर देऊन पहिल्याचे उत्तर बळकट होत नाही. आठव्या आज्ञेने खोटी साक्ष वर्ज्य केली आहे, आणि सद्गुणाच्या बाजूने दिलेली खोटी साक्षही खोटीच असते. ज्या मुलाला आपण घाबरविले, तो मोठा झाल्यावर त्या लोकलमधील कागदाचा वाचक होतो.

कायदा नाही, असे नाही. १९५४ सालच्या औषधे व जादूटोण्याचे उपाय याविषयीच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने लैंगिक सामर्थ्य वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी घातली आहे आणि शिक्षा म्हणून कारावासही सांगितला आहे. तरी कागद डब्यात आहेच. कायद्याला साक्षीदार लागतो, आणि ‘मी या दुखण्यासाठी फसलो’ असे भर न्यायालयात सांगावयास कोण उभा राहील? फसविणाऱ्याचे खरे संरक्षण त्याच्या गिऱ्हाइकाची लाज करते.

ही लाज घालविण्याचे काम मुंबईत काहींनी केले. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि वाचकांच्या प्रश्नांना उघड उत्तरे दिली. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. अलीकडे डॉ. महिंदर वत्सा यांनी वृत्तपत्राच्या सदरातून २०२० साली ९६ व्या वर्षी निधन होईपर्यंत घाबरलेल्या पुरुषांना थोडक्यात, विनोदाने आणि खरे सांगितले. संततिनियमनासारख्या विषयांवर या दोघांचा मार्ग आणि ख्रिस्तसभेची शिकवण भिन्न आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण भेदरलेल्या माणसाला खरे उत्तर देणे हे दयेचे कृत्य आहे. ते त्यांनी केले आणि आम्ही पुष्कळदा केले नाही, हेही लपवू नये.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडित स्त्री आपणांस ठाऊक आहे. बारा वर्षे तिने अनेक वैद्यांच्या हातून सोसले, होते नव्हते ते सर्व खर्च केले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे बळावले. तिचा आजार लाजेचा होता, म्हणून ती गर्दीतून, पाठीमागून, लपत आली. ती बरी झाल्यावर प्रभूला तिला तसेच जाऊ देता आले असते. पण तो थांबला, त्याने विचारले, आणि भीत भीत का होईना, तिने त्याला सारे खरे सांगितले. मगच त्याने तिला कन्या म्हणून शांतीने पाठविले. लपून मिळालेला गुण त्याला पुरेसा वाटला नाही; तिची लाजही जावी, अशी त्याची इच्छा होती. आज आपल्या धर्मग्रामातील कित्येक पुरुष त्या स्त्रीच्या जागी आहेत.

पुरावा मागितला तर श्रद्धा उणी पडेल, असे ज्यांना वाटते त्यांनी लूर्डची आठवण ठेवावी. तेथे १८८३ पासून वैद्यकीय कचेरी आहे. बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तिच्यापुढे आले. ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केले ते सुमारे सत्तर. आजार खरा होता काय, गुण टिकला काय, औषधाने तर आला नाही ना, हे सारे वर्षानुवर्षे तपासले जाते. पवित्र मातेच्या पायाशी घडलेल्या गोष्टीलाही ख्रिस्तसभा पुरावा विचारते. मग पाचशे रुपयांच्या डबीला तो विचारण्यास आपण का कचरावे?

म्हणून आमची विनंती साधी आहे. कोणी उपचार सुचविला तर विचारा: न घेणाऱ्यांशी तुलना झाली आहे काय? अपाय कोणते? सांगणाऱ्याची विक्री यात आहे काय? ‘खात्रीशीर’ आणि ‘गुप्त’ हे दोन शब्द एकत्र दिसले की मागे फिरा. कूपर किंवा राजावाडीसारख्या पालिकेच्या रुग्णालयात, अथवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि जे सांगावयाचे ते पहिल्याच वाक्यात सांगा. भगिनींनो, पती गप्प झाला तर संशयापूर्वी त्याची साखर तपासून घ्या. आणि धर्मगुरूकडे कोणी ‘घरात शांती नाही’ असे म्हणत आला, तर धर्मगुरूने आशीर्वाद देण्यापूर्वी खुर्ची जवळ ओढावी.

ते गृहस्थ आता बरे आहेत. साखर आटोक्यात आहे, पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत. आम्ही ज्यांना ताडाच्या गोळ्या सुचविल्या होत्या त्यांच्या घरी आम्ही एकेक करून जाऊन आलो आणि चूक कबूल केली. त्यांपैकी एक ज्येष्ठ हसून म्हणाले, “फादर, मी त्या घेतल्याच नव्हत्या. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”